चार महिन्यांचा मुक्काम

बाराव्या शतकाच्या मध्याला मंगळूरहून ठाण्याच्या दिशेनं एक पत्र निघालं. उत्तर कोकणावर तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं. पत्र लिहिणारा महरूझ हा एडनचा ज्यू जहाजमालक, आणि ज्याला लिहिलं तो अबू झिक्री, त्याचा मेहुणा. घराणं मूळचं मोरोक्कोतल्या सिजिलमासाचं, व्यापाराचं ठाणं कैरोजवळच्या फुस्तातमध्ये. अबू झिक्रीचं जहाज चाच्यांनी लुटलं होतं आणि तो ठाण्यात येऊन अडकला होता. मेहुण्याच्या पत्रात धीराचे शब्द आहेत, मिळेल त्या पहिल्या जहाजानं मलबारकडे निघण्याचा आग्रह आहे आणि एक व्यवहाराची गोष्ट आहे: सोनं कमी पडलं तर तिंबू नाखुदा सध्या ठाण्यातच आहे, त्याच्याकडून माझ्या नावावर घे; त्याचं-माझं नातं सख्ख्या भावांसारखं आहे.

हा जहाजमालक तिंबू ना ज्यू, ना अरब. नावावरून तरी तो इथलाच कुणी दिसतो. मंगळूरच्या माणसाच्या शब्दावर ठाण्यातला माणूस फुस्तातच्या माणसाला सोनं मोजून देणार, आणि त्यासाठी एक पत्र पुरेसं आहे. या पुस्तकातले सगळे लेख या ना त्या वाटेनं त्या एका वाक्यापाशी येऊन थांबतात, म्हणून सुरुवात तिथून केली.

ठाण्याचं नाव आपण शाळेत घोकतो ते १८५३च्या पहिल्या आगगाडीसाठी. बोरीबंदरहून गाडी सुटली ती ठाण्याला पोहोचली, इतकं उत्तर लिहिलं की गुण मिळत. त्याआधी आठ-नऊशे वर्षं हे जगाला माहीत असलेलं बंदर होतं, हे कुणी सांगितलं नाही. मी कित्येक वर्षं कळव्याहून ठाण्याकडे येताना खाडीवरच्या पुलावर लोकलच्या दारात उभा राहून ते काळपट पाणी पाहिलं आहे. त्या पाण्यावरून एके काळी पत्रं येत होती, हे कळल्यावर पाणी तेच राहिलं. माझं पाहणं मात्र बदललं.

हे पत्र टिकलं कसं, ती हकीकत थोडक्यात सांगायला हवी. ज्या कागदावर देवाचं नाव असू शकतं तो फाडायचा किंवा जाळायचा नाही, अशी ज्यू लोकांची रीत. असे जुने कागद प्रार्थनामंदिराच्या एका कोठीत टाकत. त्या कोठीला ‘गेनिझा’ म्हणतात. फुस्तातच्या बेन एझ्रा मंदिरातल्या कोठीत शतकानुशतकं कागद साठत गेले. धर्मग्रंथांची पानं होतीच, पण बहुतेक पत्रांच्या आरंभी देवाचं नाव असल्यामुळे हिशेब, पावत्या, लग्नाचे करार, उधारीच्या तक्रारी हेही सगळं त्यात गेलं. भाषा अरबी आणि लिपी हिब्रू. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी यातला मोठा साठा केंब्रिजला नेला. तिथे आज दीड लाखाहून अधिक तुकडे आहेत. पुढे श्लोमो गोइटाइन या विद्वानानं आयुष्याची चाळीसेक वर्षं या कागदांना दिली. हिंदुस्थानच्या व्यापाराची पत्रं वेगळी काढून त्यांचं पुस्तक करायला त्यांनी घेतलं होतं. ते मॉर्डेकाय फ्रीडमन यांनी पुढे नेलं आणि गोइटाइन गेल्यावर दोन तपांनी, २००८ मध्ये, त्याचा मुख्य खंड इंग्रजीत आला. वखारीतल्या चोपड्यांचं महत्त्व राजांच्या प्रशस्तीपेक्षा जास्त असू शकतं, हे मला गोइटाइन यांनी शिकवलं.

आता मुख्य मुद्दा. मध्ययुगातला व्यापार म्हटलं की डोळ्यांसमोर नकाशा येतो. चीनपासून भूमध्य समुद्रापर्यंत एक जाड रेघ, तिच्यावर उंटांचं चित्र, खाली ‘रेशीम मार्ग’ अशी अक्षरं. हे नावसुद्धा फर्डिनांड फॉन रिख्टहोफेन या जर्मन भूगोलज्ञानं १८७७ मध्ये रूढ केलेलं. ज्यांनी त्या वाटा तुडवल्या त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. त्या रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे फार थोडे. माल हातोहात जाई, माणूस आपापल्या टप्प्यापुरता. रेघ पाहिली की वाटतं, सगळे सतत चालत होते. माझ्या मते ती माणसं सतत थांबत होती, आणि जे काही घडलं ते त्या थांबण्यात घडलं.

समुद्रावर तर हे अगदी उघड आहे. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की कोकणची बंदरं बंद. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात तो उत्सव आहेच, पण त्यात वेळापत्रकही आहे: आता पाण्यात उतरायला हरकत नाही. एडनहून निघायचं ते पावसाचा जोर ओसरता ओसरता, इकडून परतायचं ते हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून. ज्याचा माल वेळेवर विकला गेला नाही, ज्याचा भागीदार आजारी पडला, ज्याचं जहाज लुटलं गेलं, त्याची फेरी चुकली. फेरी चुकली म्हणजे उद्याची गाडी धरू असं नाही. पुढचा वारा सुटेपर्यंत त्याच गावात राहायचं. अरबीत ठरावीक हंगामाला ‘मौसिम’ म्हणतात. आपला ‘मोसम’ तोच. पोर्तुगिजांच्या तोंडातून तो युरोपात गेला आणि ‘मान्सून’ होऊन वेधशाळेच्या बातम्यांतून परत आपल्याकडे आला.

परक्या गावात माणूस महिनोन् महिने राहिला की त्याला काय काय लागतं? निजायला जागा, ओळखीचं जेवण, आजारपणात कुणीतरी, प्रार्थनेला जागा, भांडण सोडवायला पंच, मेला तर पुरायला जमीन. आणि बहुतेकदा बायको. दोन देशांतली ‘देवाणघेवाण’ हा शब्द मला जरा सभेतला वाटतो. प्रत्यक्षात या गरजांची सोय लावता लावता दोन्हीकडची माणसं बदलत गेली.

चौलचंच पाहा. बगदादचा मसूदी हा प्रवासी-इतिहासकार इ. स. ९१६च्या सुमारास तिथे आला. अरब चौलला ‘सैमूर’ म्हणत. राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली तिथे झंझ नावाचा शिलाहार राजा होता, त्याचं नाव मसूदीनं नीट नोंदवलं आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, लग्न करून स्थायिक झालेले सुमारे दहा हजार मुसलमान त्या भागात आहेत, असं तो लिहितो. आकडा मोजून काढलेला नसणार, पण वस्ती मोठी होती एवढं नक्की. हिंदुस्थानात जन्मलेल्या मुसलमानांना ‘बयासिरा’ असा खास शब्द होता, म्हणजे दुसरी-तिसरी पिढी इथलीच होती. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे. त्याच्या पदाचं नाव ‘हुनरमन’, आणि त्याला राजाची मान्यता होती.

चौलच्या उत्तरेला, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला एक ताम्रपट तर मला कितीदा वाचला तरी नवाच वाटतो. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६. राष्ट्रकूट राजानं संजाणचा सगळा प्रांत ज्याच्या हाती दिला होता त्या अधिकाऱ्याचं नाव ताम्रपटात ‘मधुमती’ असं आहे, आणि तो ‘ताजिक’, म्हणजे अरब होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचं संस्कृतात उतरलेलं रूप. कोरणाऱ्यानं कानाला ऐकू आलं ते आपल्या जिभेवर बसवलं आणि त्यातून एक गोड नाव तयार झालं. या मधुमतीनं काय केलं? दोन नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली. भात, कालवण आणि तूप मिळेल असं अन्नछत्र घातलं. देवीच्या मठाला जमीन देण्याच्या व्यवहारालाही त्याची संमती आहे. यात मला सहिष्णुतेचा धडा वगैरे शोधायचा नाही. बंदराचा कारभार करणाऱ्याला तरीची सोय लागतेच आणि उपाशी वाटसरू कुणालाच परवडत नाही. तो कारभार चांगला करत होता, इतकंच, आणि मला तेवढंच फार वाटतं.

दक्षिण कोकणात खारेपाटणला मिळालेल्या रट्टराजाच्या ताम्रपटात (शके ९३०, इ. स. १००८) देवळाला नेमून दिलेल्या उत्पन्नाची नोंद आहे. द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याणक. किनाऱ्याकिनाऱ्यानं येणाऱ्या जहाजांना कमी दर, आणि त्यातून चेमुल्य व चंद्रपूर इथली जहाजं वगळलेली. चेमुल्य म्हणजे चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर. शिवाच्या देवळातला दिवा परदेशी जहाजांच्या जकातीवर जळत होता. आज खारेपाटणच्या खाडीकाठी उभं राहून हे खरं मानायला जरा वेळ लागतो.

सोमनाथजवळच्या वेरावळचा १२६४चा शिलालेख यापुढचा. होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज यानं तिथे जमीन मिळवून मशीद बांधली. लेख दोन भाषांत आहे. संस्कृत लेखात चार कालगणना शेजारी शेजारी दिल्या आहेत: हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५, सिंह १५१. कोणत्याही बाजूच्या माणसाला मिती कळायला अडचण नको. अल्लाचं वर्णन विश्वनाथ, शून्यरूप अशा शब्दांत केलेलं आहे. मशिदीचा दिवा-तेल-पाण्याचा खर्च भागून उरेल ती रक्कम मक्का-मदिनेला पाठवायची, आणि व्यवस्था पाहणाऱ्यांत खलाशी, तेली, चुनेवाले अशा तिथल्याच मुसलमान जमाती. आता गंमत अशी, की अरबी लेखात हे शहर इस्लामचं व्हावं आणि मूर्ती नाहीशा व्हाव्यात अशी प्रार्थना आहे. संस्कृत लेखात ती नाही. शेजाऱ्याला काय सांगायचं आणि घरात काय म्हणायचं, हे त्या काळीही लोकांना कळत होतं. हा लेख एकाच भाषेत वाचून सौहार्दाचे किंवा वैराचे निबंध लिहिणाऱ्यांनी दुसरी बाजूही एकदा उघडून पाहावी.

मुक्कामाची सगळ्यात भरलेली गोष्ट मात्र मंगळूरची. अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियातल्या महदियाचा. ११३२च्या सुमारास तो मलबार किनाऱ्यावर आला आणि सतराएक वर्षं राहिला. मिरी, सुपारी, वेलदोडे, लोखंड तो एडनला पाठवी. त्याचा पितळेच्या भांड्यांचा कारखानाही होता. एडनचे व्यापारी तांबं आणि मोडकी भांडी जहाजानं पाठवत आणि नवी घडवून मागवत. तबक कसं हवं, समई कशी हवी, याच्या बारीक सूचना पत्रातून येत. अरबी समुद्र ओलांडून भांडी डागडुजीला आणि मोडीला येत होती! तिकडून बदल्यात यायचं ते साखर, मनुका, साबण, चटया आणि कागद. या किनाऱ्यावर तेव्हा ताडपत्राचं राज्य होतं, कागद मिळत नसे. त्यामुळे कागदाची चवड ही मोठी भेट. बेन यिजू आलेल्या पत्रांच्या पाठीमागे, कडेला, ओळींच्या मधे लिहायचा: हिशेब, कविता, पत्रांचे मसुदे. त्याच्या त्या काटकसरीनं आपल्याला दोन्ही बाजूंचा इतिहास मिळाला.

पैसे बुडणंही होतं. वेलदोड्याची आगाऊ रक्कम घेऊन माल न देणाऱ्या एका स्थानिक दलालाचं प्रकरण पत्रापत्रांतून वर्षानुवर्षं चालू राहतं. वाचताना आपल्या ओळखीच्या कुणाची तरी आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फिर्याद न्यायची तर कुठे? ज्या राजाचा हुकूम मंगळुरात चालतो तो एडनला चालत नाही. तेव्हा शेवटचं हत्यार एकच: नाव खराब करण्याची धमकी. बाजारात पत गेली की माणूस संपला. तिंबूच्या सोन्यामागची जामीनकी हीच होती.

आणि याच बेन यिजूनं १७ ऑक्टोबर ११३२ रोजी अशू नावाच्या गुलाम बाईला मुक्त केल्याचा दस्त आहे. ती तुळू मुलखातली. त्याच्या मुलांची आई तीच, असं अभ्यासक मानतात. त्यांची मुलगी सित्त अल्-दार पुढे ११५६ मध्ये फुस्तातला आपल्या चुलतभावाची बायको झाली. आई तुळू, बाप ट्युनिशियाचा, संसार इजिप्तमध्ये. अशूला हे सगळं कसं वाटलं, तिची संमती विचारली गेली का, याबद्दल त्या हजारो कागदांत एक ओळ नाही. या पत्रांच्या प्रेमात पडताना मी स्वतःला ही गोष्ट मुद्दाम आठवून देतो. पत्रं लिहिणाऱ्यांची बाजू आपल्याकडे आहे; ज्यांना विकलं-घेतलं गेलं त्यांची नाही. बेन यिजूचा बम्मा नावाचा एक माणूस होता, तोही गुलाम. मालकासाठी तो एडनपर्यंत जाऊन व्यवहार करी आणि एडनचे मोठे व्यापारी पत्रात त्याला आवर्जून सलाम कळवत. त्याचं स्वतःच्या हातचं मात्र काही उरलेलं नाही.

बंदरांची गुळगुळीत चित्रं काढण्याचा मोह आणखीही ठिकाणी आवरावा लागला. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीचं ठाणं सांगतो ते असं: इथल्या राजाचं चाच्यांशी संगनमत आहे, लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. घोड्यांची इथे इतकी टंचाई की करार फायद्याचाच. १३२१ मध्ये याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मप्रचारक मारले गेले. पुढे ओडोरिक नावाचा इटालियन साधू आला, त्यानं त्यांच्या अस्थी उकरून बरोबर घेतल्या आणि समुद्रमार्गे चीनमधल्या त्सुआनचौ बंदरात नेऊन आपल्या मठाच्या हवाली केल्या. ठाण्याच्या मातीतून निघालेली हाडं चीनमध्ये पोहोचली, तीही ज्या वाटेनं मिरी जायची त्याच वाटेनं. त्याच त्सुआनचौमध्ये १२८१चा तमिळ शिलालेख सापडला आहे, तिथल्या शिवमंदिराचा. म्हणजे तिकडे थांबलेली आपल्याकडची माणसंही होती. थांबणं एकतर्फी नव्हतं.

मराठी मुलखातल्या मुक्कामाची एक नोंद रशियन भाषेतही आहे. त्वेर गावचा अफानासी निकितीन १४६९ मध्ये होर्मुझहून चौलला उतरला. विकायला एक घोडा आणला होता. त्याला इथवर आणायलाच शंभर रूबल खर्च झाले होते. तिथून घाट चढून तो जुन्नरला गेला आणि पावसात सापडला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, अशी त्याची तक्रार आहे. जुन्नरच्या खानानं घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देईन म्हणाला. एका खुरासानी माणसानं मध्यस्थी केली तेव्हा तो सुटला. त्या चार महिन्यांत त्यानं डोळे उघडे ठेवले होते. इथे घोड्यांना चणे घालतात आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडीही देतात, हे त्यानं लिहून ठेवलं. पुढे बिदर वगैरे पाहून तो परत फिरला आणि घरी पोहोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याच्या वहीतल्या प्रार्थना पाहाव्यात: रशियन वाक्य मधेच तुर्की, फारसी, अरबी शब्दांत शिरतं. ज्या भाषांत इतकी वर्षं भाव केले, त्याच भाषांत तो शेवटी देवाशीही बोलू लागला.

भाषेचं निघालंच आहे तर आपल्या किनाऱ्याकडेही पाहू. होडीच्या मालकाला कोळी ‘नाखवा’ म्हणतात. तो फारसी ‘नाखुदा’. वेरावळच्या शिलालेखातला फिरोज, ठाण्यातला तिंबू आणि आज ससून डॉकवर मासळीच्या लिलावात ओरडणारा माणूस, तिघांचा हुद्दा एकच. संस्कृत लिहिणाऱ्यांनी त्यासाठी ‘नौवित्तक’ असा शब्द योजला, नाव हेच ज्याचं वित्त. तो ताम्रपटांत राहिला, नाखवा बंदरात राहिला. सुकाणू, खलाशी, दलाल, बंदर हे सगळे तिकडून आले. इकडून गेले त्यांत नारिकेलाचा ‘नारजील’ झाला, पूगफळाचा ‘फौफल’, आणि आपल्या सागाला ते ‘साज’ म्हणू लागले. सिराफमधली श्रीमंतांची घरं सागाची होती. जहाजांच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्यानं शिवत. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेलं नवव्या शतकातलं जहाज तसंच शिवलेलं आहे, आणि त्याच्या पोटात चिनी मातीची साठेक हजार भांडी होती.

या संग्रहातले लेख वेगवेगळ्या वेळी लिहिले गेले, त्यामुळे काही गोष्टी दोनदा आल्या आहेत; वाचकांनी सांभाळून घ्यावं. गावांची नावं शक्य तिथे आजचीच ठेवली. एकट्या चौललाच चेमुल्य, सैमूर, चिऊल अशी इतकी नावं आहेत, की मूळ साधनांप्रमाणे लिहिलं असतं तर वाचणारा समुद्रातच हरवला असता. प्रकाशकांनी नकाशा हवाच असा आग्रह धरला. तो शेवटी जोडला आहे. त्यावर एडन, होर्मुझ, सिराफ, चौल, ठाणं, मंगळूर, त्सुआनचौ ही बंदरं सापडतील, पण त्यांना जोडणाऱ्या रेघा मी काढू दिल्या नाहीत. प्रत्येक बंदराच्या नावाखाली महिने लिहिले आहेत: जहाजं यायची कधी, सुटायची कधी. चौलच्या नावाखाली आषाढ आणि श्रावण कोरे आहेत.